‘सांभाळून खेळा’ म्हणजे नेमके काय करा?

स्टेशनरीच्या दुकानात शाळेच्या प्रकल्पांसाठी जे रंगीत तक्ते मिळतात, त्यांत ‘सुरक्षिततेचे नियम’ हा तक्ता हमखास असतो. त्यातील चौकटी वाचकांच्या ओळखीच्या आहेत. कठडा नसलेल्या गच्चीवर पतंग उडवणारा मुलगा, बसच्या खिडकीतून हात बाहेर काढलेली मुलगी, चेंडूमागे रस्त्यावर धावत सुटलेला आणखी कोणी. प्रत्येक चित्राखाली एक वाक्य आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘नये’. प्राथमिक वर्गांतील सुरक्षिततेचे पाठ बहुधा याच घाटाचे असतात. जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह आला की घोषवाक्ये, प्रभातफेरी आणि चित्रकला स्पर्धा यांतून तोच मजकूर पुन्हा एकदा फिरतो.

या मजकुरात खोटे असे फारसे काही नसते. पण तो वाचून मूल उद्या कोणती गोष्ट वेगळी करील, हा प्रश्न आम्ही प्रत्येक वाक्याला विचारून पाहिला, तेव्हा पुष्कळशा वाक्यांपाशी उत्तर सापडले नाही. ‘मैदानावर काळजीपूर्वक खेळावे’ हे वाक्य घ्या. काळजीपूर्वक खो-खो खेळायचा म्हणजे हळू पळायचे का? खांबाला सूर मारायचा नाही का? हळू पळणारा गडी लगेच बाद होतो, हे चौथीतल्या मुलालाही कळते. म्हणून ते वाक्य वहीत लिहून घेते, परीक्षेत लिहून येते आणि मैदानावर विसरते. त्यात मुलाची चूक नाही. वाक्यात शिकण्यासारखे काही नव्हतेच.

रस्त्याबद्दलचे नियम पाहा. ‘रस्ता ओलांडताना डावीकडे-उजवीकडे पाहावे’ हे सगळ्यांना पाठ असते. आधी कोणीकडे, हे क्वचितच सांगितले जाते आणि का, हे तर त्याहूनही क्वचित. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे पहिले पाऊल टाकल्याबरोबर ज्या वाहनाशी गाठ पडायची ते उजवीकडून येते. म्हणून आधी उजवीकडे, मग डावीकडे आणि निघण्यापूर्वी पुन्हा उजवीकडे. स्वीडनमध्ये ३ सप्टेंबर १९६७ या दिवशी सगळी वाहतूक एका पहाटे डावीकडून उजवीकडे नेली गेली, तेव्हा तिथल्या मुलांना नेमका हाच क्रम उलटा शिकावा लागला. कारण कळलेल्या मुलाला तो उलटा करता येतो; पाठ केलेल्या मुलाला येत नाही. आपल्याकडच्या मुलांनाही हे कारण रोज लागते, कारण आपले दुचाकीस्वार कोणत्या बाजूने येतील याचा नेम नाही.

दुसरा नियम तर आमच्या मते चुकीचाच आहे. ‘रस्त्याने नेहमी डाव्या बाजूने चालावे’ हे वाक्य अनेक पिढ्यांनी घोकले. ते वाहनांसाठी बरोबर आहे. पण पदपथ नसलेल्या रस्त्यावर, म्हणजे आपल्या बहुतेक गावांच्या रस्त्यांवर, डावीकडून चालणाऱ्या मुलाच्या पाठीमागून वाहन येते. उजवीकडून चालले तर तेच समोरून येते, दिसते आणि बाजूला होता येते. कारण विचारण्याची सवय असती, तर वर्गातल्या एखाद्या मुलानेच हा प्रश्न केव्हाच उभा केला असता.

कारणांचा प्रश्न आला की विज्ञानाच्या शिक्षकांनी पुढे यायला हवे. सुरक्षिततेचा पाठ सहसा परिसर अभ्यासाकडे किंवा शारीरिक शिक्षणाकडे जातो. पण दुखापत ही मुळात यंत्रशास्त्रातली घटना आहे. शरीराची गतिज ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ती किती वेळात आणि किती अंतरात जाते, यावर हाड टिकणार की मोडणार हे ठरते. ही दृष्टी फार जुनी नाही. ह्यू डी हेवन हा पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकाचे शिक्षण घेत असताना १९१७ मध्ये विमानांच्या टकरीतून वाचला. आपण का वाचलो, हा प्रश्न त्याला सोडीना. १९४२ मध्ये त्याने एक निबंध प्रसिद्ध केला. पन्नास ते दीडशे फूट उंचीवरून पडूनही जिवंत राहिलेल्या आठ जणांची त्याने तपासणी केली होती. निष्कर्ष असा, की पडणे मारत नाही, थांबणे मारते. आणि थांबायला काही इंच जरी मिळाले, तरी शरीर पुष्कळ सोसते. पुढे अमेरिकेतील डॉक्टर विल्यम हॅडन यांनी हाच विचार वाढवून दुखापतीकडे रोगासारखे पाहायला शिकवले. मलेरियात जसा डास, तशी दुखापतीत ऊर्जा. मग डासाला अडवायचे अनेक मार्ग दिसू लागतात. ‘मुलांनो, डासांपासून सांभाळून राहा’ एवढे सांगून कोणी थांबत नाही.

आता शाळेच्या मैदानावर येऊ. दीड मीटर उंचीच्या झोक्यावरून वा घसरगुंडीवरून पडणारे मूल जमिनीला टेकते, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर असतो. हा वेग जमिनीवर अवलंबून नाही. पुढे काय होते ते मात्र जमिनीवरच अवलंबून आहे. फरशीवर शरीराचा टेकलेला भाग साधारण एका सेंटिमीटरच्या आत थांबतो असे धरले, तर ऋण त्वरण गुरुत्व त्वरणाच्या दीडशेपट येते. भुसभुशीत वाळूत तो दहा सेंटिमीटर रुतला तर पंधरापट. सूत्र नववीतल्या मुलालाही काढता येते: पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर. क्षेत्ररक्षक झेल घेताना हात मागे का नेतो, हे उदाहरण विज्ञानाच्या पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. तोच विद्यार्थी बाहेर जाऊन सिमेंटच्या फरशीवर उभ्या केलेल्या घसरगुंडीवर चढतो आणि दोन्ही गोष्टींचा संबंध त्याला कोणी दाखवत नाही.

हे ज्ञान आपल्याकडे नव्हते असे नाही. तालमीचा हौद आठवा. तांबडी माती चाळून, तेल-ताक-हळद घालून मऊ केलेली आणि मेहनतीपूर्वी रोज खणून भुसभुशीत केलेली. वस्तादाने हॅडन वाचलेला नव्हता, पण पाठीवर पडणाऱ्या पैलवानाला थांबायला अंतर लागते हे त्याला पक्के ठाऊक होते. ‘सांभाळून पड’ असे सांगून त्याने मल्लांना फरशीवर कधी उतरवले नाही. आज मात्र मैदानात चिखल होतो, गणवेश मळतात, म्हणून पुष्कळ शाळा सबंध आवार पेव्हर ब्लॉकने मढवून घेतात. आवार स्वच्छ दिसते, पालक खूश होतात. मुले तिथेच कबड्डी खेळतात, कारण दुसरी जागाच नसते. आणि त्या आवाराच्या भिंतीवर ‘सांभाळून खेळा’ ही पाटी असते! मातीचे मैदान असलेल्या शाळांनीही फार निश्चिंत राहू नये. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू पावसाळ्यानंतर कोणी हलवली नाही, तर क्रीडास्पर्धांपर्यंत ती दगडासारखी बसलेली असते. उडीपूर्वी फावड्याने ती उलटीपालटी करणे हा सुरक्षिततेचा धडा आहे आणि तो फावड्याने शिकवायचा आहे.

दीड मीटरच्या जागी सहा मीटर घातले की वेग ताशी एकोणचाळीस किलोमीटर होतो. दहीहंडीच्या उंचीवरून न्यायालयात झालेला वाद ज्यांना आठवतो, त्यांनी हे गणित करून पाहावे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वीस फुटांची मर्यादा घातली होती आणि अठरा वर्षांखालील मुलांना मनाई केली होती. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा उरली नाही आणि वयाची अट चौदावर आली. वीस फूट म्हणजे सहा मीटरच. त्या चर्चेत परंपरा आणि शौर्य यांवर बरेच बोलले गेले. खाली गादी किती जाडीची हवी, यावर फारच कमी.

वर्गात करण्यासारखा प्रयोग सोपा आहे. मऊ मातीचे लिंबाएवढे गोळे करून एकाच उंचीवरून फरशीवर, घमेल्यातल्या घट्ट चोपलेल्या मातीवर आणि दुसऱ्या घमेल्यातल्या सैल वाळूवर टाकायचे. गोळा किती चपटा झाला आणि वाळूत किती रुतला हे पट्टीने मोजायचे. उंची दुप्पट करून पुन्हा पाहायचे. त्यानंतर मुलांना बाहेर नेऊन विचारावे, आपल्या शाळेत पडायला सर्वांत वाईट जागा कोणती? आमची खात्री आहे की ती जागा मुख्याध्यापकांच्या आधी मुले दाखवतील.

प्रवासाचा भाग याहून गंभीर आहे. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत अठरा वर्षांखालील मुले साडेनऊ हजारांच्या आसपास होती, म्हणजे रोज सुमारे सव्वीस. इथे ‘वेग कमी ठेवा’ ही घोषणा मुलांकडून वदवून घेतली जाते, पण कमी म्हणजे किती आणि त्याने काय होते, हे त्यांना कळू दिले जात नाही. चालकाला धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो असे धरा. ताशी ३६ किलोमीटर वेगाची मोटार त्या सेकंदात १० मीटर पुढे येते आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे ७ मीटर जाऊन थांबते, एकूण १७. वेग ५४ असेल तर आधीचे १५ आणि ब्रेकचे १६, एकूण ३१ मीटर. मैदानावर फक्कीने ही दोन अंतरे आखून मुलांना त्यांवरून चालायला लावावे. मग हे विचारावे: मूल १७ मीटरवर रस्त्यात आले. पहिली मोटार त्याच्यापाशी थांबली. दुसरीचा वेग तिथे किती असेल? बहुतेक जण, शिक्षकसुद्धा, वीस-पंचवीस म्हणतात. उत्तर आहे ताशी सुमारे पन्नास. ब्रेक नुकता कुठे लागलेला असतो! अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे वाक्य त्यानंतर फळ्यावर लिहावे. पाऊस पडून गेलेल्या रस्त्यासाठी सगळे आकडे वाढवून घ्यावेत.

हाच हिशेब मांडीवरच्या मुलाला लावता येतो. मोटारीत आईच्या मांडीवर दहा किलोचे मूल आहे, मोटार ताशी ३६ च्या वेगाने धडकते आणि अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबते. त्या क्षणी मुलाला धरून ठेवायला शंभर किलोचे पोते उचलण्याएवढे बल लागते. हे कोणत्याही आईच्या हातात नाही; मायेचा इथे संबंधच नाही. स्कूटरवर पुढे उभ्या केलेल्या मुलाचे तर सांगायला नको, ते हँडल आणि चालक यांच्या मधोमध सापडते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे. त्याहून लहान मुलांसाठी चालकाशी जोडणारा पट्टा, हेल्मेट आणि ताशी चाळीसची वेगमर्यादा हा नियम २०२२ मध्ये आला आणि २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. शाळेच्या फाटकाशी दहा मिनिटे उभे राहून किती घरांपर्यंत तो पोचला आहे, हे कोणीही मोजावे. हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा थर चेपला जाऊन डोक्याला थांबायला अंतर देतो, आणि एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही. म्हणून जोराचा मार बसलेले हेल्मेट टाकून द्यायचे असते. हेही तक्त्यावर नसते.

इथे आमच्या दुसऱ्या आक्षेपाकडे वळतो. स्वीडनमधील स्टिना सँडेल्स यांनी १९६०च्या दशकात लहान मुलांच्या रस्त्यावरील वागण्याचा बारकाईने अभ्यास केला. नियम विचारला तर मूल बरोबर सांगते, पण खेळात रमले की तो त्याच्या मनात उरतच नाही. आवाज कोणत्या दिशेने आला हे त्याला नीट ठरवता येत नाही. वाहन दूर आहे एवढे ते पाहते, ते किती वेगाने येत आहे याचा अंदाज कच्चा असतो. शिवाय पहिलीतले मूल एकशे दहा-पंधरा सेंटिमीटर उंचीचे. उभ्या मोटारींच्या मधून ते कोणाला दिसत नाही, त्यालाही काही दिसत नाही. सँडेल्स यांचा निष्कर्ष स्पष्ट होता. लहान मुलाला रहदारीशी पूर्णपणे जुळवून घ्यायला शिकवता येत नाही. रहदारीलाच मुलांशी जुळवून घ्यावे लागेल. नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षी चारशेहून अधिक मुले रस्त्यावर मेली, तेव्हा तिथले पालक रस्त्यावर उतरले. ‘मुलांची हत्या थांबवा’ हे त्यांच्या चळवळीचे नावच होते. त्यांची मागणी मुलांना आणखी नियम शिकवा ही नव्हती; रस्ते बदला ही होती, आणि वस्त्यांतले रस्ते पुढे बदलले. गंमत अशी, की त्या देशाने शिकवणेही सोडले नाही. प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांतली मुले आजही तिथे रहदारीची परीक्षा देतात, आणि तिचा प्रात्यक्षिक भाग सायकलवरून खऱ्या रस्त्यावर होतो.

आमचा आक्षेप इतकाच, की आपला तक्ता सगळी जबाबदारी मुलाच्या खांद्यावर टाकतो. चित्रात मुलगा चेंडूमागे धावताना दिसतो. वस्तीतून सुसाट येणारा चालक दिसत नाही, शाळेसमोर नसलेला गतिरोधक दिसत नाही. रिक्षात बाराजणांना कोंबणारे हात मोठ्यांचे असतात, आणि ‘वाहनात गर्दी करू नये’ हे वाक्य त्या बाराजणांना लिहायला दिले जाते. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूलबस नियमांनी प्रत्येक शाळेत परिवहन समिती सांगितली आहे आणि तिचे अध्यक्षपद मुख्याध्यापकांकडे दिले आहे. शिक्षकांच्या हातातली ही खरी सत्ता आहे. ती सभांच्या इतिवृत्तापुरती राहिली, तर रस्ता सुरक्षा सप्ताहातली प्रभातफेरी न काढलेलीच बरी.

मुलावर जबाबदारी टाकण्याचा आणखी एक परिणाम होतो, आणि आम्हाला तो सर्वांत धोक्याचा वाटतो. ज्याला ‘पडलास, म्हणजे तुझीच चूक’ हे शिकवले जाते, ते मूल पडल्याचे सांगत नाही. गुडघा खरचटला असेल तर त्याने फारसे बिघडत नाही. डोक्याला मार बसला असेल तर बिघडते. रमण लांबा हा भारताचा कसोटीपटू फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याला एका क्लब सामन्यात फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटविना क्षेत्ररक्षण करीत होता. षटकाचे मोजकेच चेंडू उरले होते म्हणून हेल्मेट मागवले नाही, असे सांगतात. चेंडू डोक्यावर बसला. तो आपल्या पायांनी चालत मैदानाबाहेर गेला, आणि काही दिवसांतच त्याचा मृत्यू झाला. डोक्याच्या दुखापतीत असा फसवा काळ असू शकतो. म्हणून मार बसलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळू द्यायचे नाही, घरी कळवायचे, आणि उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, गोंधळलेले बोलणे, झटके यांपैकी काही दिसले तर १०८ ला दूरध्वनी करून थेट रुग्णालय गाठायचे. तुटून पडलेल्या पक्क्या दाताचेही तसेच. तो मुळाशी न धरता, न घासता दुधात टाकून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे नेला, तर पुन्हा बसण्याची शक्यता असते. पण त्यासाठी मुलाने दात खिशात लपवलेला नसावा.

क्रिकेटबद्दल थोडे आणखी. टेनिसचा चेंडू ५८ ग्रॅमच्या आसपास, सीझनचा १६० च्या. पण फरक केवळ वजनाचा नाही. टेनिसचा चेंडू स्वतः चेपला जातो आणि थांबण्याचे अंतर स्वतःच देतो. सीझनचा देत नाही, म्हणून ते अंतर पॅड, ग्लोव्हज आणि हेल्मेटमधून विकत घ्यावे लागते. १९६२ मध्ये बार्बाडोसला नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली तेव्हा हेल्मेट नव्हतेच. २०१४ मध्ये फिलिप ह्यूजच्या डोक्यावर हेल्मेट होते. चेंडू त्याच्या खाली, मानेवर बसला. त्यानंतर मानेच्या संरक्षकाची चर्चा सुरू झाली आणि ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने २०२३ च्या हंगामापासून वेगवान गोलंदाजीसमोर तो सक्तीचा केला. या तिघांपैकी एकही निष्काळजी नवशिका नव्हता. शाळेच्या संघाला एकच हेल्मेट असेल आणि ते दोन्ही टोकांच्या फलंदाजांना आळीपाळीने घालावे लागत असेल, तर सराव टेनिसच्या चेंडूने करावा. त्यात कमीपणा नाही.

तक्ता काढून टाका, असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या शेजारी एक वही टांगावी. शाळेत कोणी पडले, लागले, की त्यात नोंद करायची: दिवस, वेळ, जागा, खाली काय होते, शरीराचा कोणता भाग, कोणता खेळ. नाव लिहायचे नाही आणि ‘चूक कोणाची’ हा रकाना ठेवायचा नाही. नोंदी आठवी-नववीच्या मुलांनी ठेवाव्यात आणि सत्राच्या शेवटी आवाराच्या नकाशावर ठिपके काढावेत. ठिपके पाण्याच्या टाकीजवळच्या ओल्या फरशीवर दाटले, तर तिथे खरबरीत लादी बसवावी लागेल. मधल्या सुट्टीच्या शेवटच्या पाच मिनिटांत दाटले, तर घंटा दोनदा द्यावी लागेल. जिन्यावर दाटले, तर वर्ग एकदम सोडणे थांबवावे लागेल. आणि ते नव्या पेव्हर ब्लॉकवर दाटले, तर तो नकाशा शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत मुलांनीच मांडावा.